शेव्हरले पंधरा हंड्रेडवेट, महायुद्धातला लष्करी ट्रक: मूळ पेट्रोल इंजिन ठेवावं की डिझेल बसवावं?

लेथवाला_मकरपुरा (बडोदा)

नमस्कार मंडळी. मकरपुरा जीआयडीसीत माझं लेथ आणि मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. पंपांचे शाफ्ट, बुश, कपलिंग अशी कामं करतो. पंचमहालातल्या एका बंद पडलेल्या दगडखाणीवरून मी नुकताच एक जुना लष्करी ट्रक उचलून आणलाय. खाणमालकाच्या वडिलांनी तो कधीकाळी डिस्पोजलचा माल म्हणून घेतला होता. मागचा हौदा काढून त्यावर पाण्याची टाकी चढवली होती आणि खाणीच्या रस्त्यावर धूळ बसावी म्हणून पाणी मारायला वापरत होते.

नाक चपटं, पुढची काच वरच्या बाजूने बाहेर झुकलेली, स्टिअरिंग उजवीकडे, ड्राइव्ह चारही चाकांना. केबिनमधली पाटी झिजलीय, तरी शेव्हरले आणि कॅनडा एवढं वाचता येतं. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मोजला, 101 इंच. म्हणजे सी-15-ए, कॅनेडियन मिलिटरी पॅटर्नचा पंधरा हंड्रेडवेट, साधारण पाऊण टन माल नेणारा. फोर्ड आणि जनरल मोटर्स हे एरवी बाजारात एकमेकांच्या उरावर बसणारे, पण युद्धात दोघांनी कॅनडातल्या विंडसर आणि ओशावाच्या कारखान्यांत एकाच नमुन्यावर हे ट्रक काढले, चार लाखांच्या वर. उत्तर आफ्रिका, इटली, ब्रह्मदेश, जिथे जिथे राष्ट्रकुलाच्या फौजा गेल्या तिथे हे गेले. आपल्या हिंदी डिव्हिजनसुद्धा याच ट्रकांतून फिरल्या.

2023 च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात 21 गन सॅल्यूटचं मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळतंय. राजेरजवाड्यांच्या रोल्स आणि कॅडिलॅक जपणारी माणसं आपल्याकडे आहेत, आणि असावीतच. पण ज्या गाड्यांनी फौजेचं पाणी, दारूगोळा आणि जखमी माणसं वाहिली त्या खाणीत आणि वीटभट्टीवर झिजून भंगारात गेल्या. त्यातली एक तरी बडोद्यात चालती असावी असं मला मनापासून वाटतं.

आता अडचण. इंजिन मूळचंच आहे, 216 क्युबिक इंचांचं, सहा सिलिंडरचं, 85 हॉर्सपॉवरचं. जाम झालंय. हेड उघडलं तर तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये पाणी साचून गंज धरलाय. बाकीचे पाच बरे दिसतात. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर उतरवून एक कनेक्टिंग रॉड सोडला तर त्यात शेल बेरिंगच (काढून बदलता येणारी बेरिंगची वाटी) नाही! रॉडमध्येच पांढरा धातू ओतलेला आहे, त्यालाही भेगा. रॉडच्या टोपीला खाली चमच्यासारखी एक पट्टी आहे. ती तेल उडवण्यासाठी असावी. आमच्या भागातला एक जुना ट्रक मेकॅनिक म्हणतो, हे सगळं उचलून फेका, टाटा 407 चं डिझेल इंजिन बसवा, महिनाभरात गाडी रस्त्यावर आणतो.

मन घेत नाही. पण हट्टाने गाडी कायमची उभी राहिली तर तेही नकोय. ज्यांनी अशा इंजिनावर हात चालवलाय त्यांनी सांगावं. बाकी पत्राकाम सोसण्यासारखं आहे, चेसिस सरळ आहे, वायरिंग 6 व्होल्टची आणि पूर्ण कुजलेली. टायर दगडासारखे झालेत, चाकं उद्या-परवा काढून नाक्यावरच्या टायरवाल्याकडे टाकतो म्हणजे तेवढं काम मार्गी लागेल.

रंग अर्थात ऑलिव्ह ग्रीनच.

सांवेर_रोड (इंदूर)

लेथवाले, गाडी जबरदस्त मिळालीय. अभिनंदन!

मी मात्र तुमच्या मेकॅनिकच्या बाजूने आहे. माझ्याकडे जबलपूरच्या कारखान्यात बनलेला लष्कराचा निस्सान वन-टन ट्रक आहे, महूच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेला. त्याचं पेट्रोल इंजिन मी बरीच वर्षं सांभाळलं. वॉटर पंपाची किट शोधा, डिस्ट्रिब्युटरची टोपी शोधा, कार्ब्युरेटरचे जेट घासून बसवा. गाडीपेक्षा मीच जास्त फिरत होतो. शेवटी डिझेल टाकलं आणि आता दर थंडीत पोरांना घेऊन मांडूला जातो, घाटात एकदाही थांबावं लागत नाही. वाटेत काही झालंच तर धामनोदला, मानपूरला, कुठेही पार्ट मिळतो. चालणारी गाडी लोक बघतात, प्रश्न विचारतात, पोरं हौद्यात चढतात. शेडमध्ये उभं असलेलं अस्सल इंजिन फक्त मालक बघतो.

मूळ इंजिन विकू नका, भंगारात तर मुळीच घालू नका. ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. पण गाडी चालवा.

निवृत्त_सुभेदार_ईएमई (बडोदा)

लेथवाले, इंजिनाचं नंतर बोलू. उद्या-परवा चाकं टायरवाल्याकडे टाकणार म्हणून लिहिलंय ना तुम्ही, ते आधी थांबवा.

तुमच्या ट्रकाची डिस्क, म्हणजे टायर ज्यावर बसतो तो चाकाचा लोखंडी भाग, साध्या ट्रकाची नाही. दोन तुकड्यांची आहे, नट-बोल्टांनी एकमेकांना आवळलेली. चाकाकडे समोरून बघा, नटांची दोन वर्तुळं दिसतील. आतलं लहान वर्तुळ चाक हबला धरतं. बाहेरचं मोठं वर्तुळ डिस्कचे दोन तुकडे एकत्र धरतं. टायरमध्ये हवा असताना कुणी बाहेरचे नट सोडले की शेवटच्या दोन-तीन नटांवर सगळा जोर येतो, ते तुटतात आणि अर्धी डिस्क तोफेच्या गोळ्यासारखी माणसाच्या तोंडावर येते. माणूस जागच्या जागी जातो. नाक्यावरच्या पोराला हे ठाऊक असायचं कारण नाही, त्याने जन्मात अशी डिस्क पाहिलेली नसते. तो समोर दिसेल त्या नटाला पाना लावणार.

म्हणून काम तुमच्या शेडमध्येच करा आणि माझ्यासमोर करा. गाडी लाकडी ठोकळ्यांवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. कुठल्याही नटाला हात लावण्याआधी, आतल्यासुद्धा, व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची. हवा संपली असं वाटलं तरी व्हॉल्व्हमधून बारीक तार घालून बघायची, कारण इतक्या वर्षांची घाण बसून तोंड बुजलेलं असतं आणि आत हवा तशीच कोंडलेली असते. मग टायरची कड डिस्कपासून दोन्ही बाजूंनी सुटी करायची. ती सुटी झाली, हाताने टायर हलायला लागला, की मगच बाहेरचे नट. ते बाहेरचे नट लाल रंगवून टाका. लष्करात ही पद्धत रंगरंगोटीसाठी नव्हती, पुढच्या माणसाचा जीव वाचावा म्हणून होती.

स्टड सगळे काढून तपासा. आटे खाल्लेले असतील तर तुमच्याकडे लेथ आहेच, पण बाजारातल्या मऊ लोखंडाचे बनवू नका, हाय टेन्साइलचेच पाहिजेत. डिस्कला कडेला भेग असेल तर ती वेल्डिंग करून वापरायची नाही, बाद करायची. परत हवा भरताना चाक लोखंडी पाइपांच्या पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभं राहून भरायची. चाकाच्या समोर कुणीही उभं राहायचं नाही. आम्ही पिंजऱ्याशिवाय टायर भरू दिला नाही कुणाला, मग तो कितीही घाईत असो. मापाचं विचाराल तर 9.00-16 आहे, ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला चालतं, त्यामुळे नवे टायर मिळण्याची चिंता करू नका.

आता इंजिन.

इंदूरकरांचा अनुभव खोटा नाही, पण निस्सान वेगळा आणि तुमचा ट्रक वेगळा. निस्सानचं इंजिन बॉनेटखाली असतं. तुमचं इंजिन केबिनमध्ये, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मध्ये आहे. तिथे डिझेल बसवायचं म्हणजे इंजिनावरचं झाकण कापणार, फायरवॉल कापणार, माउंटिंग तोडून नवीन वेल्ड करणार, गिअरबॉक्ससाठी अ‍ॅडॅप्टर प्लेट बनवणार. एकदा हे कापलं की ट्रक गेला. पाटी कॅनडाची राहील, गाडी राहणार नाही. आणि इंजिनाशेजारी बसून डिझेलची ती थरथर आणि तो आवाज तुम्ही तासभरसुद्धा सहन करणार नाही.

हे 216 चं इंजिन फार सोशिक आहे, फक्त त्याची रीत समजून घ्यावी लागते. तुम्ही पाहिलेला चमचा म्हणजे डिपर. चेंबरमध्ये प्रत्येक रॉडखाली तेलाची एक पन्हळ आहे. कमी वेगात डिपर त्या पन्हळीत बुडून तेल उचलतो. वेग वाढला की चेंबरमधल्या नोझलमधून तेलाची धार थेट डिपरच्या तोंडावर येते. मेन बेरिंगला आणि कॅमला पंपाने तेल जातं, रॉडला मात्र असंच. म्हणून तेलाचा काटा दहा-पंधरा पौंडांच्या वर जात नाही. आजच्या मेकॅनिकला वाटतं पंप गेला. पंप ठीक असतो, इंजिनच तसं आहे.

नोझलचा नेम महत्त्वाचा. चेंबर खाली उतरवलेलाच आहे, तर नोझलच्या पाइपाला पाण्याची नळी जोडा आणि प्रत्येक धार कुठे पडते ते बघा. सहाही धारा सरळ आणि एकाच उंचीला आल्या पाहिजेत. एखादी वाकडी गेली की तोच रॉड पहिला जळतो. शेव्हरलेच्या मॅन्युअलमध्ये यासाठी भोकांची पट्टी दिलेली आहे, मापं मिळाली की तुम्हाला ती घरी बनवता येईल.

पांढरा धातू ओतणं ही तुमच्यासारख्याला अवघड गोष्ट नाही. कथील 89 टक्के, अँटिमनी साडेसात, तांबं साडेतीन, हा मिश्रधातू विकत मिळतो. राजकोटकडे जुन्या लिस्टर कंपनीच्या धर्तीची डिझेल इंजिनं बनवतात, त्या भागात आणि जुन्या गिरण्यांच्या दुरुस्तीत व्हाइट मेटल भरणारे कारागीर अजून आहेत. रॉड आधी स्वच्छ करून कथलाचा हात द्यायचा, कल्हई असते तसा. रॉड आणि मधला गज दोन्ही तापवून घ्यायचे. धातू सव्वाचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास असताना एका धारेत ओतायचा, मध्ये थांबायचं नाही. थांबलात की थर पडतो आणि तिथेच पुढे भेग जाते. थंड झाल्यावर टोपी आणि रॉडच्या मध्ये शिमची, म्हणजे पातळ पत्र्यांची, चळत घालून मग बोअर करा. पुढे झीज झाली की एकेक शिम काढून सैलपणा भरून काढता येतो. क्लिअरन्स दीड ते दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग). शेल बेरिंगच्या इंजिनात ही सोय नाही, बरं का.

जाम सोडवताना घण मारू नका आणि स्टार्टरही लावू नका. सहाही सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं ओता, हेडच्या जागी पत्रा झाका आणि विसरून जा. अधूनमधून भर घाला. मग फ्लायव्हीलच्या दातांना पहार लावून केसभर पुढे, केसभर मागे. तीन नंबरला खड्डे पडले असतील तर तेवढ्याच सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, मारता येते.

आणि हे इंजिन ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वर ताणायचं नाही. ब्रेक, पंप, स्टिअरिंग सगळं त्याच वेगाच्या हिशेबाने बनलंय. त्यापुढे डिझेलचा जोर लावून काय मिळवणार?

लेथवाला_मकरपुरा (बडोदा)

सुभेदार साहेब, चाकांना हात लावलेला नाही आणि तुम्ही येईपर्यंत लावणार नाही. आत्ताच शेडमध्ये जाऊन बघितलं, दोन वर्तुळं स्पष्ट दिसतात. बाहेरच्या नटांवर धुळीखाली पुसट लाल रंगसुद्धा आहे. आमच्या दोन्ही कारागिरांना उभं करून सगळं समजावलं आणि चाकांवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

नोझलची पाण्याची युक्ती वाचून माझा निर्णय झाला. जे इंजिन नळीच्या धारेने तपासता येतं आणि ज्याचं बेरिंग लेथवर बनतं, ते माझ्या हाताला सोसणारं आहे. 407 चं काहीही बिघडलं तर मला दुकानातच जावं लागणार. इथे जे बिघडेल ते मी स्वतः बनवू शकतो. सांवेर रोडवाले, राग मानू नका. तुमच्या निस्सानबद्दल मला आदर आहे आणि मांडूला जाणारी गाडी ही छोटी गोष्ट नाही.

वायरिंग 6 व्होल्टचीच ठेवावी ना? सगळे 12 सुचवतात.

निवृत्त_सुभेदार_ईएमई (बडोदा)

6 व्होल्टच ठेवा. लोक म्हणतात स्टार्टर ओढत नाही. ओढत नाही कारण 12 व्होल्टच्या बारीक केबल लावलेल्या असतात. व्होल्ट निम्मे म्हणजे तेवढ्याच कामाला करंट दुप्पट, तर तार जाड पाहिजे. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत बोटाएवढी केबल टाका, अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत धातूला जोडा. शिवाय हँडल आहेच. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलला विळखा घालायचा नाही. उलटा झटका आला तर मनगट जातं.

कागदपत्र_पुणे (पुणे)

यंत्राचं सुभेदारांनी सगळं सांगितलंच आहे. मी जुन्या गाड्यांच्या कागदांत बरीच वर्षं घालवली आहेत म्हणून दोन गोष्टी लिहितो. आत्ताच कळलेल्या बऱ्या.

ऑलिव्ह ग्रीन रंग देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 121 सरळ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. जिप्सी आणि जुन्या जीपवाल्यांना यावरून रस्त्यात थांबवलेलं मी स्वतः पाहिलंय. वर टोक केलेल्या बाणाची लष्करी नंबरप्लेटही लावू नका, शोभेसाठीसुद्धा नको.

दुसरं, 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली, 'व्हीए' अक्षरांच्या नंबरची, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. बरेच जण समजतात पन्नास वर्षांपेक्षा जुनी कुठलीही गाडी त्यात बसते. तसं नाही. त्या व्याख्येत दुचाकी आणि एम-1 वर्गातली चारचाकी आहे, म्हणजे माणसं नेणारी मोटार. मालवाहू ट्रक एम-1 मध्ये येत नाही. तेव्हा त्या नंबरच्या भरवशावर राहू नका. खाणमालकाकडे जुनं आरसी बुक असेल तर तेच सोन्यासारखं जपा. त्यावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो का बघा, आणि इंजिन नंबरही. मूळ इंजिन ठेवायचं ठरवलंत त्याचा इथेही फायदा आहे, कारण इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली परवानगी आणि नोंद करून घेणं आलं. कागद पूर्ण होईपर्यंत गाडी ट्रेलरवरून न्या.

रंगाचं मात्र वाईट वाटून घेऊ नका, कारण तुमचा ट्रक मुळात ऑलिव्ह ग्रीन असेलच असं नाही. ब्रिटिश फौजेने 1942 नंतर बराच काळ गाड्यांना मातकट तपकिरी रंग दिला, एससीसी 2 नावाचा. हिरवट ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे एससीसी 15, 1944 पासून आला. वाळवंटात जाणाऱ्या गाड्यांना फिकट वाळूचा रंग. त्यामुळे प्रायमर मारण्याआधी रंगाचे थर वाचा. डॅशबोर्डच्या मागे, सीटखालच्या पेटीत, पाटीच्या मागे, जिथे नंतरच्या पेंटरचा ब्रश पोचलेला नसतो. रुपयाएवढी जागा पाण्याच्या पेपरने मधून बाहेर हलक्या हाताने घासत न्या, झाडाच्या खोडासारखी एकेक कडी उघडी पडते. सर्वांत आतली लाल किंवा करडी कडी प्रायमरची, तिच्या लगतची कारखान्यातल्या रंगाची. प्रत्येक कडीचा दिवसाउजेडी फोटो काढा.

अजून एक, पेट्रोलबद्दल. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुनी रबरं, कॉर्कची गॅस्केट, फ्युएल पंपाचा पडदा त्यात फुगतो किंवा विरघळतो. पडदा आणि नळ्या वायटनच्या, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, घ्या आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा, नाहीतर इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि टाकी आतून गंजते.

सांवेर_रोड (इंदूर)

राग कसला! इंजिन केबिनमध्ये आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिथे कापाकापी नकोच. माझ्या निस्सानच्या ब्रेकचे व्हील सिलिंडर मी इथे स्टेनलेसची स्लीव्ह मारून घेतले, पुन्हा गंज धरला नाही. तुम्ही स्वतः माराल, पण आतली पॉलिश आरशासारखी ठेवा, नाहीतर रबर महिन्यात फाटतं.

लेथवाला_मकरपुरा (बडोदा)

पुणेकर साहेब, खूप आभार. नियम 121 मला ठाऊक नव्हता, डब्याची ऑर्डर द्यायच्या बेतात होतो. आज सीटखालची पेटी उघडून रुपयाएवढी जागा घासली. वर खाणवाल्यांचा पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा जरा वेगळा हिरवा, आणि सर्वांत आत लाल प्रायमरच्या लगत तपकिरी. ओल्या मातीसारखा, थोडा खाकीकडे झुकणारा. डॅशबोर्डच्या मागेही तोच निघाला. फोटो दुपारच्या उन्हात काढलेत, संध्याकाळी इथे टाकतो. हाच रंग द्यायचा.

आरसी बुकासाठी खाणमालकांना फोन केला. कपाटात जुनी कागदांची पिशवी आहे म्हणाले, पुढच्या आठवड्यात गोध्र्याला जाऊन बघतो.

सुभेदार साहेब, पिंजऱ्यासाठी दोन इंची जाड पाइप आणलाय, वेल्डिंग शनिवारपर्यंत होईल. रविवारी सकाळी यायला जमेल का? घ्यायला मी येतो. अ‍ॅसिटोन आणि तेल ओतून ठेवलंय, एक आणि सहा नंबरमधून खाली झिरपायला लागलंय, तीनमध्ये पातळी तशीच आहे.

निवृत्त_सुभेदार_ईएमई (बडोदा)

रविवारी साडेआठला तयार असतो, फतेहगंज पुलाखाली थांबा. तीन नंबरमधलं तेल काढून नवीन भरा आणि दिवसातून दोनदा पिस्टनच्या कडेने लाकडी ठोकळ्यावर हलकी टकटक करा, तेल उतरायला वाट मिळते. पिंजऱ्याच्या सांध्यांना दोन्ही बाजूंनी वेल्ड द्या, नुसते टाके मारू नका.